वजनकाट्याची सर्व्हिस एसईलिनक्सच्या कुंपणात घेताना: कामाचा क्रम आणि वारंवार होणाऱ्या चुका

"एसईलिनक्स बंद केले की चालते" हे वाक्य अंबड-सातपूरच्या कारखान्यांत आणि निफाड-दिंडोरीकडच्या द्राक्षांच्या पॅकहाउसमध्ये सर्व्हर सांभाळताना मी इतक्या वेळा ऐकले आहे, की आता त्यावर वाद घालत नाही. एसईलिनक्स म्हणजे लिनक्स कर्नलमधला पहारा: प्रत्येक प्रोसेस आणि फाइलीवर एक लेबल असते, आणि कोणत्या लेबलाला काय करता येईल हे "धोरण" नावाचा नियमसंच ठरवतो. बंद केल्यावर चालले, यातून एवढेच कळते की कुठेतरी एक नकार मिळत होता. तो नकार रास्त होता, की एखाद्या फाइलीचे लेबल चुकल्यामुळे आला होता, हे त्यातून कळत नाही. आणि पुढचे सगळे काम त्या एका प्रश्नाच्या उत्तरावर अवलंबून असते. आज्ञा बहुतेकांना येतात, क्रम मात्र चुकतो: लेबले तपासण्याआधी नियम लिहिले जातात, सर्व्हिसचे डोमेन (चालत्या प्रोसेसचे लेबल) बदलले की नाही हे न पाहताच "धोरण लागू झाले" असे कळवले जाते, आणि गरज एका सर्व्हिसपुरती असताना सूट सगळ्या सर्व्हरला दिली जाते.

## उदाहरण

पॅकहाउसच्या फाटकाशी वजनकाटा आहे. त्याचा इंडिकेटर यूएसबी-सीरियल केबलने सर्व्हरला जोडलेला आहे. "काटा" नावाची सर्व्हिस गाडीचे भरलेले आणि रिकामे वजन वाचते, दोन्ही पोस्टग्रेस डेटाबेसमध्ये नोंदवते, पावतीची पीडीएफ तयार करते आणि केबिनमधल्या ब्राउझरसाठी ८०९५ या पोर्टवर उभी राहते. सर्व्हरवर अल्मालिनक्स ९ आणि त्याचे नेहमीचे "टार्गेटेड" धोरण आहे. या सर्व्हिसमध्ये उद्या एखादे भगदाड निघाले, तरी घुसणाऱ्याला काट्याच्या फाइली, काट्याचे पोर्ट आणि ती एक केबल यांपलीकडे काही हाती लागू नये, एवढेच साधायचे आहे.

आज्ञा, मार्ग आणि टाइपची नावे इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. टर्मिनलमध्ये ती रोमन लहान अक्षरांत टंकावीत. मोठे अक्षर लागते तिथे तसे सांगितले आहे. उबुंटूवर याच कामासाठी अ‍ॅपआर्मर असते. ते लेबलांऐवजी फाइलीच्या मार्गावर चालते, त्यामुळे खालचे लेबलांचे टप्पे तिथे जसेच्या तसे लागू होणार नाहीत.

## तयारी

पहिली गोष्ट म्हणजे "गेटएनफोर्स" आणि "एसईस्टेटस" चालवून सर्व्हर कोणत्या स्थितीत आहे ते पाहावे. एनफोर्सिंग असेल, म्हणजे नियम प्रत्यक्ष लागू होत असतील, तर उत्तम. परमिसिव्ह असेल, म्हणजे नकार नोंदले जातात पण अडवले जात नाहीत, तर ते कोणी आणि का केले हे आधी विचारून घ्यावे. डिसेबल्ड असेल तर मात्र थांबावे.

एका पॅकहाउसमध्ये ऐन फेब्रुवारीत काट्याची सर्व्हिस अडली, बाहेर ट्रॅक्टरांची रांग लागली, केबिनमधून "साहेब, गाड्या थांबल्यात" असा फोन आला, आणि तिथल्या माणसाने एसईलिनक्स डिसेबल करून टाकले. हंगाम पार पडला. पावसाळ्यात ते पुन्हा थेट एनफोर्सिंग करून मी सर्व्हर रीबूट केला आणि तो लॉगिनपर्यंतही आला नाही. कारण साधे होते: मधल्या चार महिन्यांत तयार झालेल्या फाइलींवर लेबलच नव्हते, आणि त्यांत अद्ययावत झालेल्या सिस्टिम फाइलीही होत्या. चूक माझी होती, कारण मधली पायरी मी गाळली होती. डिसेबल्डमधून परत येताना कॉन्फिग फाइलीत आधी परमिसिव्ह लिहावे, मूळ डिरेक्टरीत "ऑटोरिलेबल" नावाची, टिंबाने सुरू होणारी रिकामी फाइल तयार करावी, रीबूट करून सगळ्या डिस्कवर लेबले लागू द्यावीत, नकारांची नोंद पाहावी, आणि त्यानंतरच एनफोर्सिंग करावे. अल्मालिनक्सच्या आवृत्ती ९ पासून नुसत्या कॉन्फिग फाइलीतल्या ओळीने एसईलिनक्स पूर्णपणे बंद होत नाही, त्यासाठी बूट करताना कर्नलला "एसईलिनक्स=०" द्यावे लागते; म्हणून परत येताना बूटच्या ओळीत ते कोणी घालून ठेवले नाही ना, हेही पाहावे.

लागणारी पॅकेजे चार आहेत. स्थानिक नोंदी करणाऱ्या एसईमॅनेज आज्ञेसाठी "पॉलिसीकोअरयुटिल्स-पायथन-युटिल्स", धोरणाचा साचा तयार करण्यासाठी "पॉलिसीकोअरयुटिल्स-डेव्हेल", नियम शोधण्यासाठी "एसईटूल्स-कन्सोल" आणि नकारांचे सोपे स्पष्टीकरण हवे असेल तर "सेट्रबलशूट-सर्व्हर". नकारांची नोंद ठेवणारी ऑडिट सेवा चालू असल्याची खात्री करावी. ती बंद असेल तर नकार कर्नलच्या लॉगमध्ये जातात आणि खालच्या शोध-आज्ञांना काहीच सापडत नाही.

यानंतर कागद घ्यावा. सर्व्हिस काय वाचते, कुठे लिहिते, कोणत्या पोर्टवर ऐकते, स्वतः कुठे जोडणी करते, कोणते उपकरण उघडते आणि कोणता दुसरा प्रोग्राम चालवते, हे प्रोग्राम लिहिणाऱ्याशी बोलून लिहून काढावे. हा कागद नसेल तर पुढे लॉगमध्ये दिसणारा प्रत्येक नकार "परवानगी देऊन टाकण्याजोगा" वाटू लागतो. कागद असला की नकार त्याच्याशी ताडून पाहता येतो आणि कागदावर नसलेली गोष्ट लगेच डोळ्यांत भरते.

तपासा: "एसईमॅनेज एक्स्पोर्ट" ने सध्याचे स्थानिक बदल एका फाइलीत काढून ठेवले आहेत का? सर्व्हरच्या कीबोर्डपर्यंत किंवा कन्सोलपर्यंत पोहोचण्याची सोय आहे का? आणि हे काम द्राक्षांच्या हंगामाबाहेर ठरवले आहे का?

## टप्पा १: सर्व्हिस आज कुठे चालते ते पाहा

"पीएस -ई" ला मोठा झेड जोडून प्रोसेसची यादी काढावी आणि काट्याची ओळ शोधावी. लेबलाचे चार भाग विसर्गचिन्हासारख्या दोन टिंबांनी वेगळे केलेले असतात: वापरकर्ता, भूमिका, टाइप आणि पातळी. आपल्या कामाचा भाग तिसरा. प्रोसेसच्या टाइपलाच डोमेन म्हणतात.

जिच्यासाठी धोरण नाही अशा घरच्या सर्व्हिसचे डोमेन बहुतेक वेळा "अनकन्फाइन्ड_सर्व्हिस_टी" दिसते. याचा अर्थ सर्व्हर एनफोर्सिंग असूनही ही सर्व्हिस मोकाट आहे. टार्गेटेड धोरण ज्यांच्यासाठी नियम लिहिले आहेत त्यांनाच बांधते, बाकीच्यांना जवळजवळ पूर्ण मोकळीक देते. "गेटएनफोर्स एनफोर्सिंग दाखवतो" असे ऑडिटच्या कागदावर लिहून समाधान मानणारे अनेक जण मला भेटले आहेत. त्यांतल्या किती जणांनी ही यादी पाहिली होती हे विचारण्यात अर्थ नाही.

## टप्पा २: फाइली योग्य जागी ठेवा

धोरण लिहिण्याआधी सर्व्हिसचा पसारा आवरावा लागतो, कारण कोणत्या फाइलीला कोणते लेबल लावायचे हे तिच्या मार्गावरून नोंदवलेले असते. एकाच डिरेक्टरीत प्रोग्राम, पासवर्ड, पावत्या आणि लॉग असतील तर त्यांना वेगवेगळे टाइप देणे जिकिरीचे होते. मी अशी मांडणी करतो: प्रोग्राम /ऑप्ट/काटा/बिन मध्ये, डेटाबेसच्या पासवर्डसह कॉन्फिग /ईटीसी/काटा मध्ये, पावत्या /व्हार/लिब/काटा मध्ये आणि लॉग /व्हार/लॉग/काटा मध्ये.

इथेच पहिला सापळा आहे. "एमव्ही" ने हलवलेली फाइल आपले जुने लेबल सोबत घेऊन जाते. "सीपी" ने केलेली नवी प्रत सर्वसाधारणपणे नव्या डिरेक्टरीचे लेबल घेते. प्रोग्रामरने आपल्या घरच्या डिरेक्टरीत बांधलेला प्रोग्राम "एमव्ही" ने /ऑप्ट मध्ये आणला, की त्याच्यावर "यूझर_होम_टी" तसेच राहते, सिस्टिमडी (सर्व्हिस सुरू-बंद करणारा प्रोग्राम) तो चालवू शकत नाही, आणि स्थितीत "२०३/एक्झेक" एवढेच दिसते. फाइल जागेवर आहे, चालवण्याची परवानगी आहे, हाताने चालवली तर चालतेही. त्यामुळे माणूस तासभर भलतीकडेच शोधत राहतो. उपाय एका ओळीचा आहे:

रिस्टोअरकॉन -आर -व्ही /ऑप्ट/काटा

(इथला आर मोठा.) आधी नुसते काय बदलेल ते पाहायचे असेल तर "-एन" जोडावे.

सावधान: "सीएचकॉन" ने लावलेले लेबल तात्पुरते असते. पुढच्या रिस्टोअरकॉनला किंवा संपूर्ण पुनर्लेबलीकरणाला ते पुसले जाते. कायमचे लेबल हवे असेल तर ते एकतर धोरण मॉड्यूलच्या (मूळ धोरणाला आपण जोडलेल्या भागाच्या) फाइल-संदर्भांत लिहावे किंवा "एसईमॅनेज एफकॉन्टेक्स्ट" ने नोंदवून मग रिस्टोअरकॉन चालवावे. एसईमॅनेज फक्त नोंद करते, डिस्कवरच्या फाइलीला हात लावत नाही. दुसरी आज्ञा विसरणारे पुष्कळ आहेत.

## टप्पा ३: साचा तयार करा आणि तो वाचा

एसईपॉलिसी जनरेट --इनिट -एन काटा -डब्ल्यू /व्हार/लिब/काटा -डब्ल्यू /व्हार/लॉग/काटा /ऑप्ट/काटा/बिन/काटा

या आज्ञेतून पाच फाइली निघतात. त्यांतल्या दोन महत्त्वाच्या आहेत: "टीई" फाइलीत टाइप आणि नियम असतात, "एफसी" फाइलीत कोणत्या मार्गाला कोणते लेबल ते असते. साच्यात प्रोसेससाठी "काटा_टी" आणि प्रोग्रामच्या फाइलीसाठी "काटा_एक्झेक_टी" तयार मिळतात. "परमिसिव्ह काटा_टी" अशी एक ओळही असते. ती आत्ता राहू द्यावी. तिच्यामुळे फक्त हे एक डोमेन सवलतीत चालते, बाकी सर्व्हर एनफोर्सिंगच राहतो. याच सोयीसाठी लोक "सेटएनफोर्स ०" करून सगळे दरवाजे उघडतात, आणि काम संपल्यावर परत लावायला विसरतात.

साच्यात तीन भर घालाव्यात. पहिली, कॉन्फिगसाठी स्वतंत्र टाइप "काटा_कॉन्फ_टी". ईटीसीमधल्या सर्वसाधारण टाइपवर पासवर्ड ठेवला तर तो टाइप वाचू शकणाऱ्या इतर बऱ्याच सर्व्हिसना एसईलिनक्सकडून आडकाठी राहत नाही. दुसरी, पोर्टसाठी "काटा_पोर्ट_टी". तिसरी भर म्हणण्यापेक्षा तपासणी आहे: लॉगचा टाइप "लॉगिंग_लॉग_फाइल" या मॅक्रोने (तयार नियमांच्या गठ्ठ्याने) जाहीर झालेला असावा. तो नसला तर दिवसा सगळे सुरळीत चालते, आणि रात्री लॉगरोटेटला (जुने लॉग बाजूला करणाऱ्या प्रोग्रामला) त्याच्या स्वतःच्या डोमेनमधून ती फाइल फिरवू दिली जात नाही. डिस्क भरत जाते आणि दोष धोरणाचा आहे हे महिन्यांनी लक्षात येते.

मग साच्यासोबतचे शेल स्क्रिप्ट रूट (सर्वाधिकारी वापरकर्ता) म्हणून चालवावे. ते मॉड्यूल बांधते, बसवते आणि नोंदवलेल्या मार्गांना लेबले लावते. पोर्टची नोंद वेगळी करावी लागते:

एसईमॅनेज पोर्ट -ए -टी काटा_पोर्ट_टी -पी टीसीपी ८०९५

त्याआधी "एसईमॅनेज पोर्ट -एल" मध्ये तो क्रमांक दुसऱ्या टाइपकडे नाही ना ते पाहावे.

तपासा: "एलएस" ला मोठा झेड जोडून चारही डिरेक्टरींची लेबले डोळ्यांनी पाहा. स्क्रिप्टने केले असेल, असे गृहीत धरू नका.

## टप्पा ४: डोमेन खरोखर बदलले का?

सर्व्हिस सिस्टिमडीमार्फत पुन्हा सुरू करावी आणि टप्पा १ ची यादी परत काढावी. "काटा_टी" दिसले तरच पुढे जावे. हा टप्पा गाळणाऱ्यांची फजिती ठरलेली: लॉगमध्ये एकही नकार येत नाही, ते धोरण परिपूर्ण झाले असे मानतात, आणि प्रत्यक्षात सर्व्हिस अजून मोकाटच असते.

डोमेन का बदलत नाही? सर्वांत जास्त वेळा भेटणारे कारण पायथनचे आहे. सिस्टिमडीच्या युनिटमध्ये, म्हणजे सर्व्हिस कशी चालवायची ते सांगणाऱ्या फाइलीत, "/यूएसआर/बिन/पायथन३ /ऑप्ट/काटा/बिन/काटा" असे लिहिलेले असते. कर्नल जी फाइल चालवायला घेते तिच्या लेबलावरून डोमेन ठरते, आणि इथे ती फाइल पायथन स्वतः आहे, आपले स्क्रिप्ट हा त्याला दिलेला नुसता एक शब्द. स्क्रिप्टवर "काटा_एक्झेक_टी" कितीही नीट लावले तरी उपयोग नाही. स्क्रिप्टच्या पहिल्या ओळीत पायथनचा मार्ग लिहून, फाइलीला चालवण्याची परवानगी देऊन, युनिटमध्ये थेट स्क्रिप्टचाच मार्ग द्यावा. पायथनच्या मूळ फाइलीचे लेबल बदलण्याचा मोह मुळीच करू नये. त्याने सर्व्हरवरचे पायथनचे प्रत्येक काम काट्याच्या गोठ्यात येऊ पाहील.

दुसरे कारण म्हणजे हाताने चाचणी घेणे. रूट म्हणून टर्मिनलवर प्रोग्राम चालवला तर तो आपल्या लॉगिनच्या मोकळ्या डोमेनमध्येच चालतो, कारण साच्यातला बदलाचा नियम सिस्टिमडीच्या डोमेनमधून निघणाऱ्या प्रोसेससाठी आहे. म्हणून "हाताने चालते, सर्व्हिस म्हणून चालत नाही" हे एसईलिनक्सचे ठरावीक लक्षण समजावे.

तिसरे कारण जरा आतले आहे. युनिटमध्ये "नोन्यूप्रिव्हिलेजेस=यस" (प्रोसेसला नवे अधिकार मिळू नयेत अशी ओळ) असेल तर डोमेन बदलण्यास कर्नल नकार देऊ शकते, आणि हा नकार "एव्हीसी" या नकारांच्या नेहमीच्या प्रकाराऐवजी "एसईलिनक्स_ईआरआर" या वेगळ्या प्रकारात नोंदला जाऊ शकतो. शोधताना दोन्ही प्रकार मागावेत. तशी नोंद सापडली तर त्या बदलाला परवानगी देणारा नियम धोरणात लिहावा. युनिटमधली ती ओळ काढून टाकणे हा शेवटचा पर्याय.

## टप्पा ५: सर्व्हिसकडून तिचे पूर्ण काम करवून घ्या

सवलतीच्या अवस्थेत सर्व्हिस नुसती सुरू करून पाच मिनिटांनी लॉग पाहणे पुरत नाही. भरलेली गाडी, रिकामी गाडी, पावतीची दुसरी प्रत, चुकीचा पासवर्ड, केबल उपटून परत लावणे, डेटाबेस बंद असताना सर्व्हिस सुरू करणे, रात्रीचा लॉगरोटेट, महिनाअखेरचा अहवाल: कागदावरचे प्रत्येक काम एकदा तरी व्हायला हवे. चुकीच्या वाटा विशेष महत्त्वाच्या, कारण चूक घडल्यावर प्रोग्राम अशा फाइली उघडतो ज्या एरवी कधीच उघडत नाही.

एक बारकावा लक्षात ठेवावा. सवलतीच्या डोमेनमध्ये एकच नकार दर वेळी नोंदला जाईलच असे नाही. एकदा नोंदल्यावर कर्नल तो काही काळ स्मरणात ठेवते. उलट एनफोर्सिंगमध्ये प्रोग्राम पहिल्याच नकाराशी अडतो आणि पुढचे नकार दिसतच नाहीत. म्हणून सुरुवातीची यादी सवलतीत गोळा करायची आणि शेवटची खात्री एनफोर्सिंगमध्ये करायची.

## टप्पा ६: नकाराची ओळ वाचा, मग ठरवा

एयूसर्च -एम एव्हीसी,एसईलिनक्स_ईआरआर -टीएस टुडे

प्रकारांची नावे मोठ्या अक्षरांत दिली तरी चालतात. प्रत्येक ओळीत चार गोष्टी वाचायच्या: महिरपी कंसातली मागितलेली कृती, मागणाऱ्याचे लेबल म्हणजे "एसकॉन्टेक्स्ट", ज्यावर कृती करायची त्याचे लेबल म्हणजे "टीकॉन्टेक्स्ट", आणि ती वस्तू फाइल आहे, डिरेक्टरी आहे की सॉकेट हे सांगणारा "टीक्लास". या चारांतून एक वाक्य तयार होते: "काटा_टी ने अमुक टाइपच्या तमुक वस्तूवर ही कृती मागितली." ते वाक्य मोठ्याने वाचावे आणि कागदाशी ताडावे.

माझ्यासमोर प्रत्यक्ष आलेली काही वाक्ये अशी.

काटा_टी ने "डिफॉल्ट_टी" च्या डिरेक्टरीत लिहायचे मागितले. मूळ डिरेक्टरीखाली कोणीतरी /डेटा नावाची नवी जागा केली की तिला हे लेबल मिळते. हा नियमाचा प्रश्न नाही, लेबलाचा आहे. इथे परवानगीचा नियम लिहिला तर सर्व्हरवरच्या प्रत्येक बिनलेबलाच्या अडगळीवर काट्याला हक्क मिळतो. योग्य लेबल नोंदवावे आणि रिस्टोअरकॉन चालवावे.

काटा_टी ने "यूएसबीटीटीवाय_डिव्हाइस_टी" या उपकरणावर वाचणे, लिहिणे, उघडणे मागितले. हीच ती काट्याची केबल. कागदावर आहे, नियम लिहावा.

काटा_टी ने "अ‍ॅडमिन_होम_टी" मध्ये शोध घ्यायचा मागितला. रूटच्या घरात काट्याचे काय काम? युनिटमध्ये काम करण्याची डिरेक्टरी /रूट अशी राहून गेली होती. धोरणाला हात न लावता युनिट दुरुस्त केले.

काटा_टी ने स्वतःवरच "एक्झेकमेम" मागितले. पीडीएफसाठी सर्व्हिस एक ब्राउझर-इंजिन चालवत होती, आणि वेगळा बदल-नियम नसेल तर असा उपप्रोग्राम त्याच डोमेनमध्ये चालतो. एक्झेकमेम म्हणजे ज्या स्मृतीत लिहिता येते तीच चालवताही येणे, जे घुसखोराला नेमके हवे असते. ही परवानगी देण्याआधी पीडीएफ बनवण्याचा दुसरा, साधा मार्ग आहे का ते विचारावे. आमच्याकडे होता. पावतीत जेमतेम बारा ओळी असतात, तिच्यासाठी अख्खे ब्राउझर-इंजिन लागत नाही.

काटा_टी ने "शॅडो_टी" (सर्व्हरच्या पासवर्डांच्या फाइलीचा टाइप) वाचायचे मागितले, तर थेट प्रोग्राम लिहिणाऱ्याला फोन करावा.

यावरून निर्णयाचा क्रम स्पष्ट व्हावा. आधी लेबल चुकले आहे का, मग पोर्टची नोंद राहिली आहे का, मग तयार बुलियन आहे का, आणि या तिन्हींत उत्तर नसेल तरच नवा नियम. बुलियन म्हणजे धोरण लिहिणाऱ्यांनी आधीच ठेवलेले चालू-बंद बटण. ते "सेटएसईबूल" ला मोठा पी जोडून लावावे, नाहीतर रीबूटनंतर पूर्ववत होते. अर्थात बुलियन तयार आहे म्हणून तेच वापरावे असे नाही. काट्यापुढे एनजिनेक्स हा वेब सर्व्हर ठेवला असेल तर तो "एचटीटीपीडी_टी" मध्ये चालतो, आणि त्याला ८०९५ पर्यंत पोहोचवायला "एचटीटीपीडी_कॅन_नेटवर्क_कनेक्ट" चालू करा, असा सल्ला सर्रास मिळतो. त्याने वेब सर्व्हरला कोणत्याही पोर्टशी जोडणी करता येऊ लागते. आपण पोर्टला स्वतःचा टाइप दिला आहे. एचटीटीपीडी_टी ला फक्त काटा_पोर्ट_टी शी जोडणीची परवानगी देणारी एक ओळ पुरते.

नियमांच्या मसुद्यासाठी "ऑडिट२अलाउ" वापरण्यास हरकत नाही. मोठा आर जोडला तर तो शक्य तिथे तयार मॅक्रो सुचवतो, तेही उपयोगी पडते: पोस्टग्रेसच्या पोर्टशी जोडणी, नावावरून पत्ता शोधणे, सिस्लॉगला संदेश पाठवणे यांचे मॅक्रो तयार आहेत. मात्र त्याचे उत्तर पडद्यावर वाचावे, पटलेल्या ओळी आपल्या टीई फाइलीत हाताने घ्याव्यात आणि मॉड्यूल पुन्हा बांधावे.

सावधान: मोठा एम देऊन तयार झालेले मॉड्यूल न वाचता बसवणे ही या सगळ्या कामातली सर्वांत महागडी सवय आहे. हे साधन "हे मागितले होते, म्हणून हे द्या" एवढेच जाणते. चुकलेले लेबल, चुकलेले युनिट आणि प्रत्यक्ष हल्ला या तिघांतला फरक त्याला कळत नाही. "माय१", "माय२", "मायफायनल" अशा मॉड्यूलांची रास एखाद्या सर्व्हरवर दिसली, तर तिथे आधी कोणीतरी घाईत होते असे समजावे.

## टप्पा ७: सवलत काढा

नवे नकार येणे थांबले की टीई फाइलीतली "परमिसिव्ह" ची ओळ काढावी, मॉड्यूल बांधून बसवावे आणि टप्पा ५ ची सगळी कामे पुन्हा करावीत. "एसईमॅनेज परमिसिव्ह -एल" मध्ये काटा_टी दिसता कामा नये; मध्येच कोणी त्या आज्ञेने सवलत दिली असेल तर फाइलीतली ओळ काढूनही ती शिल्लक राहते.

आता काहीतरी अडते पण लॉगमध्ये नकार नाही, अशी वेळ येऊ शकते. तेव्हा दोन शक्यता क्रमाने तपासाव्यात. पहिली: नकार एसईलिनक्सचा नाहीच. कर्नल नेहमीच्या मालक-गट परवानग्या आधी पाहते आणि तिथेच नाही म्हटले गेले तर प्रकरण एसईलिनक्सपर्यंत जातच नाही. काट्याच्या बाबतीत हे हमखास घडते, कारण सीरियल उपकरण "डायलआउट" गटाचे असते आणि सर्व्हिसचा वापरकर्ता त्या गटात घालायचा राहून जातो. दुसरी शक्यता: नकार आहे, पण "डोन्टऑडिट" नियमामुळे नोंदला जात नाही. "एसईमॉड्यूल" ला मोठे डी आणि बी देऊन हे झाकण काढता येते, घटना पुन्हा घडवून लॉग पाहता येतो. त्या काळात लॉगचा पूर येतो आणि त्यातले बरेचसे निरुपद्रवी असते. काम झाल्यावर नुसता मोठा बी देऊन झाकण परत लावावे.

कुंपण खरोखर उभे आहे का, हे उलट्या बाजूनेही पाहावे:

एसईसर्च -ए -एस काटा_टी -टी शॅडो_टी -सी फाइल -पी रीड

(पहिला ए मोठा.) उत्तर रिकामे यायला हवे. हाच प्रश्न यूझर_होम_टी आणि डेटाबेसच्या मूळ फाइलींच्या "पोस्टग्रेसक्यूएल_डीबी_टी" साठीही विचारावा. काट्याने डेटाबेसशी पोर्टवरून बोलावे, त्याच्या फाइली उघडू नयेत.

## टप्पा ८: मागे फिरण्याची वाट आणि पुढची देखभाल

मॉड्यूल काढायची वेळ आली तर तेही क्रमाने करावे. आधी काटा_पोर्ट_टी ची पोर्टनोंद आणि एसईमॅनेजने केलेल्या फाइलनोंदी काढाव्यात, मग एसईमॉड्यूलने मॉड्यूल काढावे, आणि शेवटी चारही डिरेक्टरींवर रिस्टोअरकॉन चालवावे. उलट केले तर स्थानिक नोंदी नसलेल्या टाइपचा उल्लेख करत राहतात आणि काढण्याची आज्ञाच अपयशी ठरते.

टीई आणि एफसी फाइली प्रोग्रामच्या कोडसोबतच गिटमध्ये ठेवाव्यात. प्रोग्रामर नवी आवृत्ती देतो तेव्हा ती कोणत्या नव्या फाइली किंवा पोर्ट वापरते हे त्याने त्याच जागी लिहून द्यावे, असा आग्रह धरावा. आमच्याकडे ही सवय लागायला दोन हंगाम गेले.

बॅकअपमधून पावत्या परत आणल्यावर रिस्टोअरकॉन चालवायला विसरू नये. साध्या टार फाइलीत लेबले जात नाहीत, ती घेण्यासाठी वेगळा पर्याय द्यावा लागतो. धोरणाचे मूळ पॅकेज अद्ययावत झाल्यानंतरच्या सकाळी, पहिली गाडी काट्यावर चढण्याआधी, एयूसर्चला "-टीएस बूट" देऊन एकदा नजर टाकावी. त्या वेळी डोमेनची यादीही काढावी. मागच्या खेपेला एका ठिकाणी प्रोग्रामरने परस्पर युनिट बदलून पुन्हा "पायथन३" पुढे जोडले होते. नकार एकही नव्हता, आणि सर्व्हिस अकरा दिवस अनकन्फाइन्ड_सर्व्हिस_टी मध्ये निवांत चालली होती.